वेगरोधकांविना उतरण

शंकेखोर : मुंबईहून कलकत्त्यास निघालेले एखादे बोइंग ७३७ नागपूर ओलांडून भंडाऱ्याच्या आकाशात ३५,००० फुटांवर असताना त्याच्या केबिनमधील हवेचा दाब एकाएकी निघून जावा, वैमानिकांनी नियमाप्रमाणे इंजिने मंद करून विमानाचे नाक खाली घालावे, आणि पंखांच्या पाठीवरील ज्या वेगरोधक पट्ट्यांना विमानवाले स्पीडब्रेक म्हणतात त्या उभ्या करण्यासाठी दांडा मागे ओढावा, तो त्या जागच्या हलूच नयेत, दांडा ओढल्यावर पाठीला जी ओळखीची थरथर जाणवते तीही जाणवू नये, असा प्रसंग तुम्ही कल्पिला आहे, आणि त्यावर तुमचे म्हणणे असे की, जाणत्या वैमानिकाने यात भांबावून जावे असे फारसे काही नाही. मला हे म्हणणे धाडसाचे वाटते. आणीबाणीच्या उतरणीची संहिता ज्यांनी लिहिली त्यांनी ती एका संकटासाठी लिहिली, आणि त्या पट्ट्या हे त्या संकटावरचे मुख्य साधन म्हणून गृहीत धरले. ते साधनच नाकाम झाल्यावर मागे जे उरते त्यास तुम्ही कसब म्हणता. मी त्यास अंदाजपंचे कारभार म्हणेन.

उत्साही : ‘मुख्य साधन’ या शब्दप्रयोगापाशीच माझा पहिला आक्षेप आहे. आपल्या भंडारा जिल्ह्यात मालगुजारी तलावांची काही उणीव नाही, तेव्हा त्याच भाषेत बोलतो. उंचीवरचे विमान म्हणजे पाळीच्या आत भरलेला तलाव आहे. त्याने उंचीच्या रूपाने जी शक्ती साठविली आहे ती कोठून तरी वाहून गेल्याखेरीज त्यास खाली येता येत नाही. वेगरोधक पट्ट्या हे त्या तलावाचे एक मोठे दार. पण ते दार गंजून बसले म्हणून तलाव रिता होण्याचे थांबत नाही, सांडवा आपले काम करीतच असतो. विमानाचा सांडवा म्हणजे त्याच्या स्वतःच्या देहाला होणारा हवेचा विरोध, आणि हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बोइंग ७३७ ची वेगाची कमाल मर्यादा ३४० नॉट, आणि वरच्या विरळ हवेत ध्वनिवेगाच्या ०.८२ पट, म्हणजे ०.८२ मॅक. इंजिने मंद ठेवून त्या मर्यादेच्या लगत विमान सोडले, तर पट्ट्यांवाचूनही ते मिनिटाला साधारण चार हजार फूट उतरते. पट्ट्या उभ्या असत्या तर सहा-सात हजार उतरले असते. ३५,००० वरून १०,००० फुटांवर यायचे म्हणजे २५,००० फुटांचे अंतर. एका हिशोबाने चार मिनिटे, दुसऱ्याने सहा-साडेसहा. प्रवाशांच्या डोक्यावरून जे मुखवटे खाली पडतात त्यांतील रासायनिक प्राणवायू या विमानात साधारण १२ मिनिटे पुरतो. म्हणजे तुमच्या या घोर संकटाची किंमत अडीच मिनिटे ठरली, आणि ती शिलकीतून भागते.

शंकेखोर : हिशोब चोख आहे, आणि त्याच कारणाने मला तो संशयास्पद वाटतो, कारण त्यात घड्याळ नेमके दाब गेला त्या क्षणी सुरू होते, आणि वैमानिकही त्याच क्षणी जागा होतो. ३५,००० फुटांवर प्राणवायूवाचून मनुष्याची उपयुक्त शुद्ध अर्धे ते एक मिनिट टिकते. ४०,००० वर ती पंधरा-वीस सेकंदांवर येते. १४ ऑगस्ट २००५ रोजी हेलिओस कंपनीचे विमान सायप्रसहून अथेन्सकडे निघाले, तेही ७३७ च. दाबाचे नियमन करणारा खटका जमिनीवरील तपासणीनंतर हस्तचालित स्थितीतच राहून गेला होता, आणि केबिनची हवा विरळ झाल्याची सूचना देणारा भोंगा वाजला तेव्हा तो उड्डाणापूर्वीच्या मांडणीतील चुकीचा भोंगा आहे असे वैमानिकांनी समजून घेतले, कारण दोन्हींचा आवाज एकच होता. पुढे त्यांची शुद्ध गेली आणि इंधन संपेपर्यंत विमान आपोआप उडत राहून १२१ माणसे दगावली. त्या विमानाच्या पट्ट्या ठीक होत्या की नव्हत्या, हा प्रश्नच तेथे कोणास पडला नाही. आपल्याकडचा दाखला हवा असेल तर २० सप्टेंबर २०१८ रोजी मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानाचा घ्या : इंजिनांची दाबाची हवा केबिनमध्ये घेणारा स्विच उघडायचा राहून गेला, तीसएक प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आले, आणि विमान मुंबईस परत फिरले. तुम्ही अडीच मिनिटांची रुजवात घालता आहात. जे पहिले अर्धे मिनिट तुमच्या जमाखर्चात मांडलेलेच नाही त्यात माणसे मरतात.

उत्साही : हे तर तुम्ही माझेच म्हणणे सिद्ध केलेत! उतरणीचा वेग हा या प्रसंगातला पहिला प्रश्न नाही, असे मी म्हणतो ते यासाठीच. आधी मुखवटा. वैमानिकाचा मुखवटा बाजूच्या पेटीत असतो. एका हाताने तो ओढून दोन्ही लाल कळा दाबल्या की त्याचे रबरी पट्टे हवेने फुगून मोठे होतात, डोक्यावर बसवून कळा सोडल्या की आवळले जातात, आणि हे सारे पाच सेकंदांत व्हावे असा दंडक आहे. मग सहवैमानिकाशी बोलणे जुळले की नाही याची खातरजमा, मग दाबाची तपासणी, मग उतरण. ज्याच्या नाकातोंडावर मुखवटा आहे त्यास अडीच मिनिटे जास्त लागली तर तो बेशुद्ध पडत नाही. आणि ज्याच्या नाही त्यास पट्ट्या असूनही उपयोग नाही. दांडा ओढला आणि थरथर आली नाही, एवढ्यावरून ज्याचे लक्ष त्या दांड्यातच अडकून पडते, तो दोन-चार वेळा तो पुढेमागे करून पाहतो आणि तितका वेळ नाक मात्र वरच ठेवतो, त्या माणसाची मला भीती वाटते. बिघडलेल्या पट्ट्यांची नाही.

शंकेखोर : येथपर्यंत आपले एकमत समजा. परंतु प्रवाशांचे काय? त्यांच्यात कोणी वृद्ध असतो, कोणाच्या मांडीवर तान्हे मूल असते, कोणी मुखवट्याची दोरी न ओढता तो नुसताच हातात धरून बसतो. अमेरिकी नियमावलीत १९९६ साली अशी तरतूद झाली की, नव्या विमानाची रचना अशी असावी, की दाब गेल्यावर केबिनमधील माणसांना २५,००० फुटांवरच्या विरळ हवेत दोन मिनिटांहून अधिक काळ राहावे लागू नये, आणि ४०,००० फुटांवरच्या हवेत क्षणभरही नाही. तुमच्या चार हजारांच्या गतीने ३५,००० वरून २५,००० वर येण्यास अडीच मिनिटे लागतात, आणि ३९,००० वरून निघालात तर साडेतीन. म्हणजे ज्या शिलकीतून तुम्ही भागवता ती शिल्लक तुमची नव्हतीच. ती त्या म्हाताऱ्याची आणि त्या तान्ह्या मुलाची होती.

उत्साही : ही मर्यादा विमान रचणाऱ्यासाठी आहे, उडविणाऱ्यावरचे ते फर्मान नव्हे, आणि मूळचे ७३७ तर त्या तरतुदीच्या कितीतरी आधीचे. पण तुमच्या म्हणण्यातील भाव मी नाकारीत नाही. वरच्या पट्टीत, २५,००० च्या वर, प्रत्येक अर्धे मिनिट महाग आहे हे मान्य. म्हणूनच मी म्हणतो की, पट्ट्या नसतील तर दुसरे विरोध शोधावेत. पहिला आणि सर्वांत सभ्य विरोध म्हणजे वळण. विमान चाळीस अंशांनी कलवून वळविले की पंखांना सुमारे १.३ पट भार उचलावा लागतो, त्याबरोबर हवेचा विरोध वाढतो, आणि नाक खाली घालताना प्रवासी आसनांवरून उचलले जात नाहीत. त्याखेरीज हे वळण आपल्या आकाशात दुसऱ्या कारणानेही आवश्यकच आहे. देशातील पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण वाटा नागपूरच्या माथ्यावर एकमेकींस छेदतात. १९४९ साली रात्रीच्या टपालाची विमाने चारी दिशांनी नागपूरच्या सोनेगाव मैदानावर जमून थैल्यांची अदलाबदल करीत असत, तीही याच मध्यवर्ती स्थानामुळे. ती डाकोटा विमाने, जाता जाता सांगतो, दाबाच्या केबिनवाचूनच उडत. आज ज्या उंचीला आपण जीव घेऊन पळत येतो तिच्या आसपासच त्यांचा नित्याचा संचार होता. आता तेथे २००३ पासून एकावर एक अशी हजार-हजार फुटांच्या अंतराने विमाने रचलेली असतात. खाली घसरणाऱ्याने आपल्या वाटेवरच घसरत राहणे म्हणजे खालच्या मजल्यावरच्याच्या डोक्यात पाय देणे. तेव्हा वाटेवरून बाजूला वळावे, आणि भंडाऱ्यावर असाल तर ते वळण नागपूरच्या दिशेनेच घ्यावे. सरळ पूर्वेकडे धावत उतरलात तर मिनिटाला पंधरा किलोमीटर जमीन मागे पडते. पट्ट्यांसह चार मिनिटांत साकोली ओलांडून देवरीच्या अलीकडे पोचाल, पट्ट्यांवाचून सहा मिनिटांत देवरीही मागे टाकून छत्तीसगडच्या हद्दीशी.

शंकेखोर : वळणाबद्दल मी तुमच्याशी भांडत नाही. पण हा ‘विरोध शोधण्याचा’ छंद कोठपर्यंत जातो, याचा विमानोड्डाणाच्या इतिहासात दप्तर भरेल एवढा पुरावा आहे. डीसी-८ आणि ब्रिटिशांचे ट्रायडेंट ही विमाने उडत असतानाच इंजिनांचा झोत उलटा फिरवून वेगाने खाली येऊ शकत, आणि ती सोय त्यांच्या रचनेतच होती. आज ती दारे पक्की कुलूपबंद आहेत. २६ मे १९९१ रोजी लाउडा कंपनीच्या बोइंग ७६७ चे एक उलटझोत यंत्र थायलंडवर चढतीवर असताना आपोआप उघडले आणि २२३ माणसे गेली. त्यानंतर ती कुलुपे आणखी वाढविली गेली. तुम्ही कदाचित कॅनडातील कॅप्टन पिअर्सन यांचा दाखला द्याल...

उत्साही : द्यायचाच होता. २३ जुलै १९८३ रोजी इंधन संपलेले त्यांचे बोइंग ७६७ गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरविताना ते फार उंच आले होते, पुन्हा फेरी मारण्यास इंजिन नव्हते, आणि पंखांच्या झडपाही उघडत नव्हत्या. गृहस्थ मूळचे ग्लायडर उडविणारे. त्यांनी सुकाणू एका बाजूस आणि कल दुसऱ्या बाजूस देऊन ते एवढे धूड आडवे घसरत खाली आणले, आणि सर्व माणसे वाचली. ती युक्ती विमानाच्या पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती त्यांच्या हाडीमासी होती. आता आपल्याकडचे पाहा : भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया वेगळे निघाले ते १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वी भंडाऱ्यातच मोडणाऱ्या बिरसीच्या धावपट्टीवर आज वैमानिक घडविणारी संस्था आहे, आणि तेथील मुले पहिले धडे ज्या छोट्या डायमंड विमानांवर घेतात त्यांना ना दाबाची केबिन आहे ना जेटसारख्या वेगरोधक पट्ट्या. ती मुले उंची कशी गमवावी हे वळणाने, घसरणीने आणि दुइंजिनी विमान असेल तर चाके खाली सोडून शिकतात. जेटमध्ये बसल्यावर त्यांनी ते सारे विसरून जावे काय?

शंकेखोर : विसरू नये, पण तेथेच ठेवावे. पिअर्सन यांनी ती आडवी घसरण जमिनीलगत, मंद वेगात केली. ०.८२ मॅकला, ३०,००० फुटांवर कोणी सुकाणू असे दाबून धरील तर काय होईल याची कल्पना न्यूयॉर्कच्या विमानावरून येते : १२ नोव्हेंबर २००१ रोजी तेथून निघालेल्या एअरबस ए३०० च्या वैमानिकाने पुढच्या विमानाच्या मागच्या भोवऱ्यात सापडल्यावर सुकाणू उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे असे पुरते दाबले, आणि शेपटीचे उभे पाते देठापासून तुटून पडले, विमानातील आणि जमिनीवरील मिळून २६५ बळी. त्याचा वेग तर जेमतेम अडीचशे नॉटांचा होता. बिरसीच्या मुलाने डायमंडवर शिकलेला धडा जेटमध्ये आणला तर तो हा धडा असू नये, एवढेच माझे म्हणणे.

आणि मुळात तुमच्या गणिताचा पाया वेग हा आहे. ३४० नॉटांनी खाली या, म्हणता. दाब का गेला, हे ठाऊक नसताना? २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा कंपनीच्या ७३७ चे छत २४,००० फुटांवर उडून गेले, तेव्हा वैमानिकांनी २८०-२९० नॉटांच्या वर वेग जाऊ दिला नाही. वेग आवरून धरला आणि पट्ट्या उभ्या केल्या, म्हणून उतरण मिनिटाला चार हजारांपर्यंत मिळाली. तुमच्या विमानात त्या पट्ट्याच नाहीत. शिवाय आमच्याकडचा जुलै-ऑगस्ट ध्यानात घ्या. वैनगंगेच्या खोऱ्यावर पावसाळी ढगांचे मनोरे चाळीस-पन्नास हजार फुटांपर्यंत उठलेले असतात. कमाल वेगाने त्यातून खाली घुसणे म्हणजे ज्या सांगाड्याविषयी आधीच शंका आहे त्यावर आणखी आघात करणे. वेग कमी ठेवा, आणि मग तुमचा हिशोब पुन्हा मांडून दाखवा.

उत्साही : मांडतो, आणि तो मला अनुकूल येणार नाही हेही आधीच सांगून टाकतो. २७० नॉटांनी, पट्ट्यांवाचून, मंद इंजिनांवर हे विमान मिनिटाला सव्वादोन-अडीच हजार फुटांहून फार वेगाने उतरणार नाही. २५,००० फुटांस दहा-अकरा मिनिटे. प्राणवायूच्या बारा मिनिटांशी ही गाठ अगदीच काठावरची आहे. शेवटची दोन-तीन मिनिटे हवा बरीच दाट झालेली असेल ही जमेची बाजू, पण वरच्या थरातली चार मिनिटे तुमच्या त्या म्हाताऱ्यास जड जातील हे खरे. आणि म्हणूनच मी चाकांकडे येतो, कारण येथे खरा निर्णय घ्यायचा आहे. ७३७ ची चाके २७० नॉटांपर्यंत आणि ०.८२ मॅकपर्यंत सोडता येतात, आणि एकदा खाली बसली की ३२० नॉटांपर्यंत तशीच ठेवता येतात. आता गंमत पाहा : ३५,००० फुटांवर ०.७८ मॅकने चाललेल्या विमानाचा वेगमापकावरील आकडा २६५ च्या आसपासच असतो. म्हणजे वेग कमी करण्यात एक क्षणही न घालविता, उतरणीच्या आरंभीच चाके सोडता येतात, आणि चाकांचा विरोध पट्ट्यांच्या विरोधास हार जाणारा नाही.

शंकेखोर : हे ७३७ पुरते. एअरबस ए३२० घ्याल तर चाके सोडण्याची मर्यादा २५० नॉटांची, आणि २५,००० फुटांच्या वर ती सोडायचीच नाहीत. नेमक्या त्या महाग थरात तो उपाय बंद. पंखांच्या झडपा तर दोन्ही विमानांत २०,००० फुटांच्या वर वर्ज्य. आपल्या देशात आज ए३२० च्या कुळातली विमाने विपुल आहेत; तेव्हा तुमचा वैमानिक कोणत्या आसनावर बसला आहे यावर तुमचे तत्त्व बदलते.

उत्साही : बदलावेच लागेल. साधनांचा विवेक साधनांवरच अवलंबून असणार, त्यास इलाज नाही.

शंकेखोर : बरे, ७३७ च धरू. पट्ट्या का उठल्या नाहीत, हे तुम्ही विचारलेच नाही. त्यांना उचलणारे द्रवदाबाचे दोन संच आहेत, अ आणि ब. एक गेला तर निम्म्या पट्ट्या तरी उठतात. एकही उठली नाही याचा अर्थ एक तर दांड्याच्या जोडणीत बिघाड आहे, नाही तर दोन्ही संच गेले आहेत. दुसरे असेल तर चाकेही त्याच अ संचावर चालतात. मग सहवैमानिकाने आसन मागे सारून, मुखवट्याची नळी सांभाळीत, मागच्या बाजूस जमिनीतील झाकण उघडून तीन कड्या एकेक ओढायच्या, तेव्हा चाके आपल्या वजनाने खाली पडणार. आणि अशी पडलेली चाके पुन्हा वर घेता येणार नाहीत. १०,००० फुटांवर, चाके बाहेर लोंबत, इंधन किती पटींनी जळेल याचा अंदाज करा. भंडाऱ्यावर हे सोसते, कारण नागपूर साठ किलोमीटरांवर आहे. मुंबईहून आखाताकडे जाताना अरबी समुद्राच्या मध्यावर हेच केलेत, तर श्वास वाचविलात आणि किनारा गमावलात.

उत्साही : अगदी खरे. आणि स्थळाचा हा गुण उलटही धावतो. १०,००० फुटांचा जो आकडा आपण तोंडी घोळवतो तो आपल्याकडे बिनधोक आहे. अख्ख्या महाराष्ट्रात कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरांचा, म्हणजे ५,४०० फुटांचा. भंडाऱ्याच्या भाताच्या बांध्या तर समुद्रसपाटीपासून जेमतेम आठ-नऊशे फुटांवर. लेहच्या वाटेवर मात्र १०,००० फुटांवर हवा नसते, डोंगर असतो. तेथे उतरण्याची घाई हाच अपघात, आणि वेगरोधक बिघडले तर हळू उतरणेच कदाचित हिताचे ठरेल. म्हणून मी म्हणतो की, ही गोष्ट एका ओळीच्या हुकुमात बसत नाही. ती जागच्या माणसाच्या मुखत्यारीवर सोडली पाहिजे.

शंकेखोर : मुखत्यारीच्या बाजूने बोलताना एक गोष्ट तुम्ही सोयीस्करपणे १०,००० फुटांवर सोडून दिलीत. ज्या पट्ट्या वर आकाशात उठल्या नाहीत, त्याच धावपट्टीवर चाके टेकताच उठून पंखांची उचल मोडून काढतात आणि विमानाचे सारे वजन चाकांवर घालतात. त्याशिवाय ब्रेक नीट धरत नाहीत. १७ जुलै २००७ रोजी साओ पाउलोत टाम कंपनीचे ए३२० ओल्या धावपट्टीवर उतरले; एका इंजिनाचा दांडा चढत्या शक्तीच्या जागी राहिल्याने त्या पट्ट्या उठल्या नाहीत, १,९४० मीटरांची धावपट्टी अपुरी पडली, आणि १९९ माणसे गेली. तेव्हा घाबरलेला वैमानिक ‘बिरसी जवळ आहे’ म्हणून तिकडे वळेल तर त्याची जवळीक त्यास भोवेल. नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरांची आहे, बिरसीची सव्वादोन हजारांच्या घरातली. जो माणूस सहा मिनिटे श्वासाच्या चिंतेत खाली आला, त्याने उतरणीचा बिघाड उतरणीबरोबर संपला असे समजू नये, हे त्यास कोण सांगणार? त्याची मुखत्यारी? की कागद?

उत्साही : कागद. या मुद्द्यापुरता मी हार मानतो. आणखी एक भर मीच घालतो : दांडा ओढून पट्ट्या उठल्या नाहीत तर तो तसाच मागे सोडून देऊ नये, पूर्ववत खाली ठेवावा. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील कालीजवळ डोंगर समोर दिसताच वैमानिकांनी पूर्ण शक्ती देऊन विमान वर खेचले, पण आधीच्या उतरणीसाठी उभ्या केलेल्या पट्ट्या मिटायच्या राहिल्या होत्या. १६३ जणांपैकी चौघे वाचले. विसरलेला दांडा ही दोन्हीकडून धार असलेली वस्तू आहे.

शंकेखोर : मग आता ती ओळ लिहाच. सहा-सहा महिन्यांनी जो माणूस नकली कॉकपिटात बसून उतरणीचा पाठ देतो, आणि ज्यास बहुधा एकाच संकटाचा पाठ मिळतो, त्यास तुम्ही या दुहेरी संकटासाठी काय लिहून द्याल?

उत्साही : लिहितो. ‘पट्ट्या न उठल्यास उतरण थांबवू नये. दांडा खाली ठेवावा. नियंत्रकास संकटाची वर्दी देऊन वाटेवरून बाजूस, जवळच्या लांब धावपट्टीकडे वळावे. सांगाडा शाबूत असल्यास वेग मर्यादेपर्यंत न्यावा. शंका असल्यास आहे त्या वेगावर राहून चाके सोडावीत.’ तुमच्या आग्रहास्तव पुढे जोडतो, ‘धावपट्टीची लांबी पट्ट्या नाहीत असे धरून मोजावी.’

शंकेखोर : ‘शंका असल्यास’ हे तुम्ही किती सहज लिहून गेलात! धडाका झाला, धुक्यासारखे दव कॉकपिटात दाटले, कान फुटल्यासारखे झाले. छत उडाले असो की दाराची फट सुटली असो, पहिल्या अर्ध्या मिनिटात वैमानिकास दोन्ही सारखेच ऐकू येते. मग तो सदैव शंकाच घेईल, आणि तुमच्या ओळीप्रमाणे सदैव चाके सोडील.

उत्साही : सोडू दे. नागपूरपासून साठ किलोमीटरांवर त्यात तोटा काय? चाकांचा भार पंखांच्या मुळाशी जातो, छताला त्याची झळ लागत नाही.

शंकेखोर : आणि जखम छताला नसेल तर? २५ जुलै २००८ रोजी क्वांटासच्या जंबो विमानात २९,००० फुटांवर, दक्षिण चिनी समुद्रावर, मालाच्या कोठारातील प्राणवायूची टाकी फुटली आणि पोटाशी, उजव्या पंखाच्या मुळालगत, भलेमोठे भगदाड पडले. तेथे कोणास इजा झाली नाही, विमान मनिलास सुखरूप उतरले. पण त्या वैमानिकांना ते भगदाड उतरेपर्यंत दिसलेले नव्हते. तुमच्या ओळीतला माणूस अशा विमानात, भगदाडाच्या शेजारीच, २६५ नॉटांच्या वाऱ्यात चाकांची दारे उघडणार.

उत्साही : तर मग ते चाकांचे वाक्य मी कोरे ठेवतो, आणि कॅप्टनच्या नावाने सोडतो.

शंकेखोर : मी ठेवू देणार नाही. कोरे ठेवलेत तर त्या अकरा मिनिटांचा हिशोब कोणी मांडलाच नव्हता असे चौकशी समिती म्हणेल. मी तेथे लिहीन, ‘२५,००० फुटांपर्यंत चाके सोडू नयेत.’

उत्साही : आणि ज्या थरात दोन मिनिटांची मर्यादा तुम्हीच मला ऐकविलीत, त्याच थरात त्याला विरोधावाचून ठेवाल?

शंकेखोर : ठेवीन, त्या म्हाताऱ्याच्या नाकाशी निदान मुखवटा आहे, सांगाड्याला दुसरा सांगाडा नाही.

उत्साही : मुखवटा आहे, पण त्याने दोरी ओढली आहे की नाही, हे कॉकपिटातून तुम्हाला दिसते?